रत्नागिरी शहराचा वारसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीत घर असलं की दोन प्रकारचे फोन ठरलेले असतात. एप्रिलमध्ये आंब्याच्या पेटीचा भाव विचारणारे आणि दिवाळीच्या आगेमागे ‘आम्ही येतोय, काय काय बघू?’ म्हणणारे. पहिल्या फोनला एका वाक्यात उत्तर देता येतं. दुसऱ्याला दर वेळी तेच सांगून घसा बसायला लागला, म्हणून हे एकदाच लिहून ठेवलं. हॉटेलं, वॉटर स्पोर्ट्स आणि मासे कुठे चांगले मिळतात, हे इथे सापडणार नाही.

किनारा आणि हापूस सोडून रत्नागिरीत आहे तरी काय?

हा प्रश्न विचारणाऱ्याचा राग येत नाही, कारण आमच्याच लोकांनी गावाची जाहिरात तशी केली आहे.

माझ्या लेखी रत्नागिरी हे आडबाजूचं सरकारी ठाणं. इथला बहुतेक वारसा त्या एका गोष्टीतून आला. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला समुद्र आणि पावसाळ्याचे चार महिने समुद्रही बंद. १८२२ साली इंग्रजांनी दक्षिण कोकणचं मुख्य ठाणं बाणकोटहून इथे हलवलं. कलेक्टर आला, कोर्ट आलं, तुरुंग आला, शाळा आल्या. वाट मात्र पूर्वीसारखीच अवघड राहिली. सरकारची नजर पूर्ण आणि बाहेरून येणंजाणं कमी, अशी जागा सरकारला फार सोयीची असते. ज्याला दूर ठेवायचं त्याला इथे आणून सोडायचं. म्हणून एका राज्य गेलेल्या राजाचा वाडा इथे आहे आणि स्थानबद्ध सावरकरांनी पुढाकार घेतलेलं देऊळही इथेच. त्याच ठाण्यामुळे कारकून आले, मास्तर आले, वकील आले, आणि त्यांना वाचायला काहीतरी हवं होतं म्हणून वाचनालयही आलं.

ब्रह्मदेशचा राजा रत्नागिरीत कसा?

१८८५ च्या नोव्हेंबरात तिसरं इंग्रज-ब्रह्मी युद्ध दोन-तीन आठवड्यांत संपलं. मंडालेच्या राजवाड्यातून थिबा राजा, राणी सुपयालत आणि लहान मुली यांना बाहेर काढून आधी मद्रासला आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये बोटीने रत्नागिरीला आणलं. राजाचं वय तेव्हा तिशीच्या आतच. पुढची तीस वर्षं तो इथून हलला नाही.

याच सरकारने १८५८ मध्ये दिल्लीच्या शेवटच्या मोगल बादशहाला रंगूनला पाठवलं होतं. दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशात गेला, ब्रह्मदेशचा राजा कोकणात. दोघांच्याही कबरी परक्या मातीत आहेत.

एक गोष्ट बहुतेक पाहुण्यांना ठाऊक नसते. आज ज्याला आपण थिबा पॅलेस म्हणतो, तिथे राजा फार थोडा काळ राहिला. पहिली चोवीस वर्षं सरकारने दिलेल्या बंगल्यांत गेली. पेन्शन पुरत नाही म्हणून अर्ज, बरोबर आणलेली रत्नं हळूहळू विकणं, पुन्हा अर्ज, असं ते आयुष्य. वाडा उभा राहिला १९१० मध्ये आणि राजा वारला डिसेंबर १९१६ मध्ये. म्हणजे वाड्यातला संसार सहा वर्षांचा.

राजवाड्यात आत काय बघायचं?

वाडा तीन मजली आहे. जांभ्या दगडाचं बांधकाम, उतरती छपरं, सागवानाचं कोरीव काम, अर्धगोल खिडक्या. मधे बरीच वर्षं इथे शासकीय तंत्रनिकेतन भरत होतं. गावातल्या एका पिढीने इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकता शिकता राजाच्या खिडकीतून पाऊस बघितला आहे. आता पुरातत्त्व खात्याकडे वाडा आहे आणि आत संग्रहालय आहे. सोमवारी बंद असतं. दर सोमवारी फाटकाशी कुणीतरी हिरमुसलेलं दिसतं, तुम्ही ते होऊ नका.

आतल्या वस्तू फार नाहीत. सोनं, सिंहासन वगैरे मनात धरून गेलात तर निराश व्हाल. वाडाच बघायचा. वरच्या मजल्यावर उभं राहून खाडीकडचा वारा अंगावर घ्यायचा. जानेवारीत आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव याच आवारात होतो. राजवाड्याला पाठ टेकवून गायक बसलेला आणि समोर शाल गुंडाळून रत्नागिरीकर, हे दृश्य संग्रहालयातल्या कुठल्याही कपाटापेक्षा चांगलं.

जवळच थिबा पॉइंट आहे. तिथे कुणीतरी हमखास सांगतं की राजा इथे बसून मायदेशाच्या आठवणीने सूर्यास्त बघायचा. सूर्यास्त पश्चिमेला होतो, ब्रह्मदेश पूर्वेला आहे, पण सांगणाऱ्याचा उत्साह मोडवत नाही. भाट्याची खाडी मात्र तिथून खरंच सुंदर दिसते.

टिळकांचं जन्मस्थान हेच की चिखलगाव?

चिखलगाव हे टिळकांचं मूळ गाव, दापोली तालुक्यातलं. २३ जुलै १८५६ चा जन्म रत्नागिरीचा, जिथे वडील गंगाधरपंत शिक्षक होते. १८६६ मध्ये त्यांची बदली पुण्याला झाली आणि कुटुंब गेलं. म्हणजे लोकमान्यांची पहिली दहा वर्षं इथली. टिळक आळीतलं घर आता स्मारक आहे. कौलारू, मागेपुढे झाडं, पडवी, माजघर. जुनं कोकणी घर आतून कसं असतं, हे आजच्या मुलांना दाखवायला तेवढ्यासाठी तरी जा. आतमध्ये हळू बोला, आळीत लोक राहतात.

सावरकर इथे तेरा वर्षं नेमकं काय करत होते?

अंदमानहून परत आणल्यावर काही काळ ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. जानेवारी १९२४ मध्ये सुटका झाली ती दोन अटींवर: जिल्हा सोडायचा नाही आणि राजकारण करायचं नाही. १९३७ पर्यंत हे चाललं.

राजकारण बंद म्हटल्यावर त्यांनी जातिभेदाकडे मोर्चा वळवला. शाळेत सगळ्या जातींची मुलं एकत्र बसली पाहिजेत म्हणून खटपट, सहभोजनं, १९३३ मध्ये सर्व जातींना खुलं असलेलं अखिल हिंदू उपाहारगृह. हे आज वाचताना सोपं वाटतं. ज्या गावात कोण कुणाच्या विहिरीवर पाणी भरतो हे सगळ्यांना पाठ असतं, त्या गावात एका पंगतीला बसणं म्हणजे दुसऱ्या दिवशी घरात भांडण. सावरकरांच्या राजकारणाबद्दल तुमचं मत काहीही असू दे, रत्नागिरीतला हा भाग बघितल्याशिवाय ते मत पुरं होत नाही.

या सगळ्यातलं आज उभं असलेलं काम म्हणजे पतितपावन मंदिर. पैसा भागोजीशेठ कीर यांचा. गरिबीतून वर आलेले, भंडारी समाजातले, मुंबईत ठेकेदारीत मोठे झालेले हे रत्नागिरीकर. फेब्रुवारी १९३१ मध्ये लक्ष्मीनारायणाची स्थापना झाली आणि देऊळ पहिल्या दिवसापासून सर्व हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत खुलं होतं. बाहेर पाटी वाचून परत फिरणारे पुष्कळ बघितले आहेत. जरा बसा. आणि कीरांचं नाव घ्या. गावात येणारे दहातले नऊजण ते न घेताच जातात.

तुरुंगातली सावरकरांची कोठडी जपून ठेवलेली आहे. पण तो चालू तुरुंग आहे, त्यामुळे परवानगीशिवाय आत जाता येत नाही.

गांधीजी आणि सावरकर रत्नागिरीत भेटले होते, हे खरं का?

खरं. मार्च १९२७ मध्ये गांधीजी इथे आले होते, तेव्हा सावरकरांच्या घरी जाऊन भेटले.

‘महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं वाचनालय’ म्हणजे कुठलं?

रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय. स्थापना १८२८. सुरुवातीचं नाव रत्नागिरी नेटिव्ह जनरल लायब्ररी.

या तारखेपाशी क्षणभर थांबा. पेशवाई जाऊन तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. ‘दर्पण’ निघायला अजून चार वर्षं होती. टिळक जन्माला यायला अठ्ठावीस. थिबा राजा बोटीतून उतरला तेव्हा वाचनालय अठ्ठावन्न वर्षांचं होतं. मला कुणी ‘एकच ठिकाण दाखव’ म्हणाला तर मी राजवाडा सोडून इथे आणतो, आणि पाहुणे जरा खट्टू होतात, कारण फोटो काढण्यासारखं इथे काही नसतं. टेबलं, खुर्च्या, पुस्तकांची कपाटं आणि पेपर वाचणारी निवृत्त मंडळी. पण त्या टेबलापाशी जवळजवळ दोनशे वर्षं कुणीतरी बसून वाचतं आहे. राजे आले, कलेक्टर आले, कैदी आले आणि गेले.

पाहुण्यांनी आत जायला हरकत नसते. शांतपणे बसा, वर्तमानपत्र वाचा, निघताना जागच्या जागी ठेवा.

शिक्षणसंस्थांमध्ये जुनं काय आहे?

थोडक्यात सांगतो. पटवर्धन हायस्कूल आणि १९४५ मध्ये सुरू झालेलं गोगटे कॉलेज, म्हणजे आजचं गोगटे-जोगळेकर महाविद्यालय, या दोघांभोवती शहराच्या नाटकाचं, वक्तृत्वाचं आणि गाण्याचं निम्मं जग फिरतं. शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, १९८१ पासूनचं, दापोलीच्या कृषी विद्यापीठाखालचं. भाट्याला नारळ संशोधन केंद्र आहे. आणि लहान मुलं बरोबर असतील तर सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय चुकवू नका. तिथला देवमाशाचा सांगाडा बघून मुलं गप्प होतात, जे एरवी होत नाही.

रत्नदुर्ग आणि भगवती किल्ला हे वेगळे का?

एकच. रत्नदुर्ग हे नाव, आत भगवतीचं देऊळ म्हणून बोलीत भगवती किल्ला. तीन बाजूंनी समुद्र, आकार घोड्याच्या नालासारखा. आदिलशाहीकडून १६७० च्या सुमाराला शिवाजी महाराजांकडे, मग आंग्रे, पेशवे आणि १८१८ मध्ये इंग्रज. एका टोकाला दीपगृह आहे. संध्याकाळी जा, बालेकिल्ल्याच्या तटावरून खाली मिरकरवाड्याच्या बंदरातल्या होड्या दिसतात.

कातळशिल्पं म्हणजे काय, आणि ती शहरातून बघता येतात का?

इथल्या उघड्या जांभ्याच्या पठाराला आम्ही सडा म्हणतो. पावसाळ्यात हिरवा, मग आठ महिने काळपट, तापलेला, कुणाला त्याचं फारसं सोयरसुतक नसलेला. या सड्यांवर जमिनीतच कोरलेली चित्रं आहेत. हत्ती, वाघ, मासे, माणसं, चौकटीत बसवलेल्या अनाकलनीय आकृत्या, आणि आज कोकणात नसलेला गेंडासुद्धा. कित्येक हजार वर्षांपूर्वीची. गुराख्यांना ती कायमच माहीत होती. कुणी पांडवांचं काम म्हणायचं, कुणी देवाचं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत रत्नागिरीतल्याच काही हौशी माणसांनी गावोगाव पायपीट करून, गवत बाजूला सारून, त्यांची नोंद केली, तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत नऊ ठिकाणं गेली. त्यातली सात आमच्या जिल्ह्यातली: उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे.

शहरात राहून जायला उक्षी आणि जांभरुण सोयीचे. उक्षीला हत्ती आहे, भोवती कठडा बांधून जपलेला. कशेळी राजापूर तालुक्यात. तिथला हत्ती इतका मोठा, सुमारे अठरा मीटर, की त्याच्या अंगात बाकीचे प्राणी कोरले आहेत. जमिनीवरून नुसतं बघून तो हत्ती आहे हे कळायलाच वेळ लागतो. त्याच गावात कनकादित्याचं, म्हणजे सूर्याचं देऊळ आहे, तेही बघून या. बारसूला दोन वाघांच्या मधे उभा माणूस आहे. तो सडा २०२३ मध्ये रिफायनरीच्या वादामुळे बातम्यांत आला आणि त्या निमित्ताने पुष्कळांनी कातळशिल्प हा शब्द पहिल्यांदा ऐकला. देवाचे गोठणेला होकायंत्र घेऊन जा, सुई भलतीकडे फिरते.

दोन सूचना. भर दुपारी जाऊ नका. ऊन डोक्यावर असलं की रेषा दिसत नाहीत, सकाळी किंवा उतरत्या उन्हात त्या उठून येतात. आणि फोटो चांगला यावा म्हणून रेषांमध्ये खडू, चुना भरू नका, चित्रावर चपला घालून उभे राहू नका. हे सांगावं लागतं, कारण मी दोन्ही बघितलं आहे.

शिमग्याला यावं का? पाहुण्यांना चालतं का?

यावंच. गणपती बहुतेक ठिकाणी सारखा, शिमगा मात्र आमचा.

रत्नागिरीचं ग्रामदैवत श्रीदेव भैरी, बारा वाड्यांचा देव. शिमग्यात त्याची पालखी देवळातून बाहेर पडते आणि गावभर फिरते. झाडगावच्या सहाणेवर, म्हणजे पालखीच्या चौथऱ्यावर, बसते, तिथे ओट्या भरल्या जातात, गाऱ्हाणी घातली जातात. खालूबाजा वाजतो. पालखी खांद्यावरून नाचवतात तेव्हा मुंबईहून आलेला चाकरमानी, जो वर्षभर लोकलमध्ये कुणाशी बोलत नाही, तो घामाघूम होऊन ओरडत असतो. पोलीस खात्याकडून देवाला मानवंदना दिली जाते. सरकारी ठाण्याचं गाव म्हटलं ना मी आधी. इथे देवाचाही सरकारदरबारी मान आहे.

पाहुण्यांनी बाजूला उभं राहून बघावं. मान कुणाचा, खांदा कुणाचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं आणि त्यावरून वाद होतात, तेव्हा फोटोसाठी मधे घुसू नये. नेमक्या तिथी दर वर्षी पंचांगात बघा.

नमन आणि जाखडी यात फरक काय?

नमन शिमग्याच्या हंगामातलं. मृदंग, गण, गौळण, मग सोंगं, त्यात संकासुर, आणि शेवटी वगनाट्य. विनोद संगमेश्वरी बोलीत असतो, त्यामुळे घाटावरच्या माणसाला निम्मा कळतो; उरलेला शेजारचा हसतो म्हणून आपण हसायचं. जाखडी गणपतीतली. पायात चाळ बांधून गोल धरून नाचतात, मधे गाणारा आणि ढोलकीवाला. याला बाल्या नाच असंही म्हणतात. त्यात शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष, एकाने गाण्यातून कोडं टाकायचं आणि दुसऱ्याने गाण्यातूनच फोडायचं. पुराणांचं ज्ञान लागतं, हजरजबाबीपणा त्याहून जास्त. रात्रभर चालतं.

नाटकाचं म्हणाल तर सावरकर नाट्यगृहात वर्षभर काही ना काही असतं, आणि खल्वायनसारख्या संस्थेने संगीत नाटक अजून जिवंत ठेवलं आहे. तिकीट काढून बघा, फुकट पास मागू नका.

केशवसुतांचं स्मारक शहरात आहे का?

ते मालगुंडला, गणपतीपुळ्याच्या पलीकडे अगदी जवळ. कृष्णाजी केशव दामले १८६६ मध्ये तिथे जन्मले. जन्मघर जपलं आहे, आवारात कविता दगडांवर कोरल्या आहेत. कोकण मराठी साहित्य परिषदेने उभं केलेलं काम. गणपतीपुळ्याला येणाऱ्या गाड्या एवढ्या, त्यातल्या चार जरी पुढे वळल्या तरी बरं वाटेल. आरे-वारेच्या रस्त्याने जा, समुद्र उजव्या हाताला हवा असेल तर परत येताना खिडकी बदला.

हिंदू-मुसलमान दोघांचं असं एखादं ठिकाण?

हातीस. काजळी नदीच्या काठी, शहरापासून फार लांब नाही. पीर बाबरशेखचा दर्गा आहे आणि उरुसाची धावपळ गावातले हिंदूच करतात. कुणी त्याला ऐक्याचं प्रतीक म्हटलं की हातीसवाले जरा बुचकळ्यात पडतात. त्यांच्या दृष्टीने ती गावची जत्रा.

काळा समुद्र, पांढरा समुद्र ही काय भानगड?

वाळूचा रंग. मांडवीची वाळू काळी, मिऱ्याकडची पांढरी. पाणी दोन्हीकडे तेच.

पावसाळ्यात आलं तर?

या, पण समुद्रात उतरू नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या मिरकरवाड्यात ओढून ठेवलेल्या असतात. वाचनालय, राजवाडा, टिळकांचं घर हे सगळं पावसातच जास्त खुलतं. सडे निसरडे असतात आणि चित्रांत पाणी साचतं, तेव्हा कातळशिल्पं नोव्हेंबरनंतर.

पूर्वी पावसाळ्यात इथे येणंच दुरापास्त होतं. बोटी बंद, घाट बेभरवशाचे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली आणि ते दिवस संपले. स्टेशन कुवारबावला, शहरापासून सहा-सात किलोमीटर. रिक्षावाल्याला ‘रत्नागिरीत सोडा’ म्हणू नका, तो हसेल. मारुती मंदिर, जयस्तंभ, गोखले नाका, असं नाव सांगा.

थिबाच्या मुलींचं पुढे काय झालं?

राणी सुपयालत १९१९ मध्ये रंगूनला परत गेली. थोरली राजकन्या फया काही काळाने रत्नागिरीला परतली. राजाकडे नोकरीला असलेल्या एका मराठी माणसावर तिचा जीव जडला होता, आणि त्यांना एक मुलगी होती. फया १९४७ मध्ये इथेच वारली. मुलगी गावातच लहानाची मोठी झाली, इथेच लग्न केलं, शेवटपर्यंत मराठीच बोलत राहिली. राजाची समाधी शिवाजीनगर भागात आहे. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन खास तिथे येऊन गेले. एरवी तिकडे फारसं कुणी नसतं, रिक्षावाल्याला दोनदा सांगावं लागतं.